पाऊण पडिकाचा हिशेब : त्रिरश्मी ते देवळाली

नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मीचा डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथल्या कोरीव कामाशी काही संबंध नाही. चोवीस लेण्यांपैकी दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपानाचे म्हणून ओळखले जाते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते बौद्ध भिक्षुसंघाला दिले. त्याच्या व्हरांड्यात कोरलेले लेख इतिहासाच्या अभ्यासकांनी पुष्कळ चाळले आहेत. क्षत्रप कोण, सातवाहनांशी त्यांचे वैर कसे, दानाचा धर्म कोणता, श्रेणी म्हणजे काय, या प्रश्नांवर भरपूर लिहिले गेले आहे. मला मात्र त्यांतल्या एका लेखाकडे वेगळ्या कारणासाठी परत परत जावेसे वाटते. तो लेख म्हणजे एक पुरा सोडवलेला हिशेब आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास वयाचा हा हिशेब आजच्या संगणकाला घातला, तर तो हमखास बरोबर येईलच असे नाही. का येत नाही, हा या लेखाचा विषय.

दगडावरचा हिशेब

बेचाळिसाव्या वर्षी, वैशाख महिन्यात उषवदाताने संघाला ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवि' दिली. अक्षयनीवि म्हणजे मोडायची नाही अशी ठेव. मुद्दल तसेच राहावे आणि व्याजावर खर्च चालावा. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. हे गोवर्धन नाशिकच्या जवळचेच. एका कोलिकनिकायाकडे २००० ठेवले, व्याज शेकडा एक पडिक. दुसऱ्याकडे १०००, व्याज शेकडा 'पायून' पडिक. मराठी वाचक या शब्दावर क्षणभर थांबेल, आणि त्याने थांबावेच. 'पायून' म्हणजे आपले पाऊण. पाद-ऊन, एक चतुर्थांश कमी. नाशिकच्या बाजारात आजही 'पाऊण किलो' म्हणताना जो शब्द आपण वापरतो, त्याचे जुने रूप इथे खडकावर आहे.

पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे होते. आता पडताळा घ्या. पडिक म्हणजे एक कार्षापण धरले, तर २००० वर शेकडा एक म्हणजे वीस. वीस भिक्षू आणि प्रत्येकी बारा म्हणजे २४०. वीसचे २४० व्हायचे तर बाराने गुणावे लागते. म्हणजे व्याज दरमहा होते. व्याजदर सांगताना लेखात 'दरमहा' असे म्हटलेले नाही. ते गणित सांगते. दुसऱ्या रकमेवर शेकडा पाऊण दराने महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. हे पैसे 'कुशणमूल' या दुसऱ्या खर्चासाठी.

याच लेखात पुढे देव-ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे, आणि लगेच त्याचे रूपांतर: पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून दोन हजार सुवर्णांचे मूल्य. सत्तर हजार भागिले पस्तीस, बरोबर दोन हजार. बाकी शून्य.

कोरणाऱ्याची आणखी एक सवय ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रक्कम आधी शब्दांत येते आणि तिच्याशेजारी आकड्यांत. 'तीन सहस्र' आणि पुढे तीन हजारांचे चिन्ह. आपण धनादेशावर करतो तेच. ब्राह्मी अंक वाचू पाहणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना अशा जोड-नोंदींचा मोठा आधार मिळाला, कारण शब्द वाचता आला की शेजारचे चिन्ह उलगडते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटातल्या आणि नाशिकच्या अंकांवर केलेले काम याच वाटेचे.

म्हणजे या लेखात रकमांचे आकडे सहसा उघडे नाहीत. बहुतेकांबरोबर त्यांचा शब्द आहे, त्यांचे नाणे आहे आणि जिथे नाणे बदलते तिथे बदलाचा दर आहे.

एकच हिशेब, चार उत्तरे

आता दुसऱ्या श्रेणीचे नव्वद कार्षापण सी या संगणकभाषेत काढू. सी भाषेत गुणाकाराला चांदणी आणि भागाकाराला तिरपी रेघ लिहितात. गुणाकार-भागाकार समान मानाचे असतात आणि डावीकडून उजवीकडे सोडवले जातात. शाळेत शिकलो त्यापेक्षा यात नवे काही नाही. यंत्र १६ बिटांचे 'इंट', म्हणजे पूर्णांक वापरणारे आहे असे धरू. आपल्याकडच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे ज्या टर्बो सी वर विद्यार्थी शिकले, त्यात इंट तेवढाच असे.

पहिली मांडणी, जशी तोंडाने म्हणू तशी, पाऊण आधी:
३ / ४ * १००० / १०० * १२. उत्तर येते ०.

दुसरी, शेकडे आधी काढून:
१००० / १०० * ३ / ४ * १२. उत्तर येते ८४.

तिसरी, सगळे गुणाकार आधी उरकून:
१००० * १२ * ३ / ४ / १००. उत्तर येते उणे ७३.

चौथी:
१००० / १०० * १२ * ३ / ४. उत्तर येते ९०.

कागदावर या चारही मांडण्या सारख्याच आहेत. आकडे तेच, क्रिया त्याच, फक्त क्रम वेगळा. कोणत्याही शाळामास्तराने चौघांनाही पैकीच्या पैकी गुण दिले असते. यंत्राच्या हिशेबात मात्र पहिल्या मांडणीत भिक्षूंना काहीच मिळत नाही, दुसरीत सहा कार्षापण कुठेतरी गळतात आणि तिसरीत भिक्षूच विणकरांचे ७३ कार्षापण देणे लागतात.

कारणे अशी. सी मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तर पूर्णांकच येते. अपूर्णांक भाग टाकून दिला जातो. तीन भागिले चार म्हणजे शून्य, आणि शून्याला पुढे कितीनेही गुणा. दुसऱ्या मांडणीत दहा गुणिले तीन म्हणजे तीस, भागिले चार म्हणजे साडेसात. त्यातले अर्धे गेले, उरले सात. साताला बाराने गुणले, चौऱ्याऐंशी. महिन्याला अर्धा कार्षापण गळाला, तो वर्षात सहा झाला. तिसऱ्या मांडणीतली चूक निराळ्या जातीची आहे. १००० गुणिले १२ गुणिले ३ म्हणजे ३६,०००. सोळा बिटांच्या पूर्णांकात उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच संख्या मावतात. पायलीत खंडी ओतली की धान्य सांडते, हे आपण जाणतो. इथे सांडत नाही, फिरते. ३६,००० मधून ६५,५३६ वजा होऊन उणे २९,५३६ उरतात. त्याला चाराने आणि मग शंभराने भागले की उणे ७३. यंत्र कुरकुर करत नाही, थांबत नाही, इशारा देत नाही. भाषेच्या प्रमाणग्रंथाने तर अशा वेळी काय घडावे याची हमीच दिलेली नाही. बहुतेक यंत्रांवर जे घडते ते हे.

चौथी मांडणी बरोबर येते, कारण ती लिहिणाऱ्याने दोन गोष्टी पाहिल्या: भागाकार निःशेष जाईल तिथेच करायचा आणि मधली कोणतीही संख्या मापाबाहेर जाऊ द्यायची नाही. हे गणिताचे ज्ञान नव्हे. मापाचे ज्ञान आहे.

मापे कुठून आली

सी भाषेत अशी मापे का आहेत, यालाही इतिहास आहे. तिच्या आधीच्या दोन भाषांत ती नव्हती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी तिच्यावरून घडवलेली 'बी', या दोन्हींत एकच प्रकार होता: यंत्राचा शब्द. म्हणजे यंत्र एका वेळी जेवढे बिट उचलते तेवढा गठ्ठा. त्या गठ्ठ्यात संख्या आहे, अक्षर आहे की स्मृतीतला पत्ता आहे, हे भाषा विचारत नसे. ते लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे.

मग प्रयोगशाळेत पीडीपी-११ हे यंत्र आले. त्याचा शब्द १६ बिटांचा, पण त्यात एकेका अक्षराएवढ्या, म्हणजे आठ बिटांच्या घराला स्वतंत्र पत्ता होता. शिवाय दशांश संख्यांसाठी लागणारी जागा एका शब्दात मावत नव्हती. सगळ्यांना एकच माप, ही सोय तिथे संपली. डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ च्या दरम्यान 'बी' मध्ये प्रकार आणले आणि त्यातून सी घडली. अक्षरासाठी 'कॅर', पूर्णांकासाठी 'इंट', दशांशासाठी 'फ्लोट' आणि 'डबल'. पुढे मोठ्या पूर्णांकांसाठी 'लाँग' आणि ऋण संख्या न ठेवणारा 'अनसाइन्ड' हेही रुळले. ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे पुस्तक १९७८ मध्ये निघाले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत भाषेचे प्रमाणीकरण झाले.

एका राशीत वेगवेगळे प्रकार आले तर काय करायचे, याचेही नियम ठरले. पूर्णांक आणि डबल एकत्र आले तर आधी पूर्णांकाचा डबल होतो, मग क्रिया होते. लहान पूर्णांक मोठ्याला भेटला तर तो मोठ्याच्या मापात जातो. उषवदाताच्या लेखकाने कार्षापणांचे सुवर्ण करताना पस्तिसाचा दर लिहून ठेवला होता. सी मध्ये हे रूपांतर मुकाट्याने होते. बहुतेक वेळा ते सोयीचे असते. घोळ होतो तो मुकाट्यामुळे.

उभ्या रेघा, आडव्या रेघा

प्रकार ही कल्पना आपल्या लोकांना परकी नव्हती. जुन्या मराठी हिशेबाच्या वह्या पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढे आडव्या रेघा आण्यांच्या: एक, दोन किंवा तीन. चौथा आणा झाला की आडव्या रेघा पुसून एक उभी रेघ वाढायची, चौथी उभी रेघ झाली की एक रुपया. चार-चारांची ही चढण होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि आण्याच्याच बारा पया. मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची ती याच हिशेबासाठी. 'पाऊण' हा शब्द कोरीव लेखापासून पाढ्यापर्यंत अखंड चालत आला आहे. तो कधी ०.७५ झाला नाही. तो स्वतंत्र राहिला.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. माणसांना सोपे झाले, यात वाद नाही. यंत्रांच्या बाजूने पाहिले तर मात्र एक गमतीची गोष्ट दिसते. संगणक अपूर्णांक दोनाच्या हिश्श्यांत ठेवतो: अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश. पाऊण त्याला तंतोतंत लिहिता येतो. एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा, तोही तंतोतंत. चौसष्टावा हिस्सा असलेला जुना पैसाही. अडचण करायची ती फक्त पयी, कारण तिच्यात तीनाचा भाग आहे. पण रुपयाचा शंभरावा भाग द्विमानात कधीच पुरा लिहिता येत नाही. दशमानात एक तृतीयांश जसा ३३३ करत संपत नाही, तसा तो संपत नाही. म्हणून डबल प्रकारात ०.१ आणि ०.२ मिळवले आणि सगळे अंक छापायला सांगितले, तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. जाणते लोक पैशाचा हिशेब दशांशात ठेवतच नाहीत. ते रुपये सोडून पैसे मोजतात, आणि पूर्णांकात मोजतात. एकक बदलले की अपूर्णांकाचा प्रश्न सुटतो.

देवळालीचे मास्तर

त्रिरश्मीपासून फार दूर नाही ते देवळाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तिथे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवत होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. पुढचे औपचारिक शिक्षण झाले नाही. संख्यांचा नाद मात्र जन्मभर राहिला.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर हेच करत राहा. २०२५ घेऊ. ५२०० उणे ००२५ म्हणजे ५१७५. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. कुठूनही निघा, सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले आणि १९५५ मध्ये ते स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात छापून आले. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती 'स्वयंभू': २०, ३१, ४२, ५३ यांसारखी. या संख्यांना देवळाली संख्या असेही नाव मिळाले. आणि ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत येते, त्या कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस, पंचेचाळीस. ९९ चा वर्ग ९८०१. अठ्ठ्याण्णव आणि एक, नव्व्याण्णव.

या कामाला गणितज्ञांनी फारसे महत्त्व दिले नाही. त्यामागचा विचार आधीपासून प्रचलित होता. केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशा गोष्टींची दोन उदाहरणे देऊन त्या कोडी छापणाऱ्या सदरांपुरत्याच आहेत, असा निकाल दिला होता. त्यांच्या उदाहरणांत ९८०१ होती: उलट लिहिलेल्या १०८९ ची नऊपट. ९८०१ मधले दुसरे गुपित, ९८ आणि १ मिळून ९९, देवळालीच्या मास्तरांच्या कामाचे.

आक्षेप असा: हे गुण संख्येचे नाहीत, संख्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. दहाऐवजी दुसरा पाया घेतला की ६१७४ ची जादू संपते. हे खरेच आहे. यंत्र ६१७४ ठेवते ते ११००००००११११० असे. त्यात सहा, एक, सात, चार कुठेच नाहीत. उषवदाताच्या लेखकाला तर कापरेकरांचा खेळ कळलाच नसता. त्याच्याकडे स्थानमूल्य नव्हते, शून्य नव्हते. हजाराच्या चिन्हाला सत्तराचे चिन्ह जोडले की सत्तर हजार. तिथे अंक उलटे मांडणे या शब्दांना अर्थच नाही. कापरेकर संख्येचे नव्हे, तिच्या अंगरख्याचे अभ्यासक होते, असे म्हणता येईल.

पण अंगरखा गौण असतो, हे कागद-पेन्सिलीच्या जगातले मत आहे.

९९ नंतर

संगणकाच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना कापरेकर संख्या शोधायला सांगण्याची रीत जुनी आहे. मीही सांगत असे. या अभ्यासात सी चा पूर्णांक भागाकार दोष न राहता गुण होतो. ६१७४ ला दहाने भागले तर ६१७ येतात आणि बाकी काढली तर ४. हेच करत गेले की अंक एकेक करून सुटे होतात. तीन भागिले चार शून्य देणारा नियम इथे नेमका हवा असतो.

टर्बो सी च्या काळात १ ते १००० मधल्या संख्या शोधायला दिल्या, की पडद्यावर १, ९, ४५, ५५, ९९ येत. त्यानंतर २९७ यायला हवी, कारण २९७ चा वर्ग ८८,२०९. अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे नऊ, दोनशे सत्त्याण्णव. ती येत नसे. यंत्र ८८,२०९ ऐवजी २२,६७३ धरी, त्याचे २२ आणि ६७३ असे तुकडे करी, त्यांची बेरीज ६९५ काढी आणि २९७ ला नापास करी. ७०३ आणि ९९९ यांचेही तेच. गणित बरोबर, कृती बरोबर, यादी अपुरी. आणि ती अपुरी आहे हे कळायला आधीच उत्तर ठाऊक असावे लागे.

चतुर विद्यार्थी मग वर्ग ठेवण्यासाठी लाँग घेत, ज्यात दोन अब्जांवर मजल जाते. तरी २९७ येत नसे. सी भाषेतला हा सर्वांत शिकवण्याजोगा धडा आहे. एन गुणिले एन ही राशी कोणत्या मापात सोडवायची, हे उत्तर कुठे ठेवायचे आहे त्यावर ठरत नाही, राशीतल्या संख्यांच्या प्रकारावर ठरते. दोन्ही एन इंट असतील तर गुणाकार इंटमध्येच होतो, तिथेच बिघडतो, आणि बिघडलेले उत्तर मोठ्या पिंपात नीट ओतले जाते. गुणण्याआधीच एका एनला लाँग करावे लागते. मग २९७ येते. अर्थात लाँगचेही पोट मोजकेच: ७७,७७८ चा वर्ग ६,०४९,४१७,२८४, साठ हजार चारशे चौऱ्याण्णव आणि सतरा हजार दोनशे चौऱ्याऐंशी मिळून पुन्हा ७७,७७८. बत्तीस बिटांत तो वर्ग मावत नाही.

६१७४ च्या कृतीतही खाच आहे. १००० पासून निघा: १००० उणे ०००१ म्हणजे ०९९९. कापरेकरांच्या वहीत पुढचे शून्य जिवंत आहे. ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१, आणि तिथून वाट ६१७४ कडे जाते. इंटला मात्र पुढचे शून्य माहीत नाही. त्याच्या लेखी ती ९९९ आहे, आणि ९९९ उणे ९९९ म्हणजे शून्य, खेळ खलास. हाताने शून्य लिहून द्यावे तर दुसरीच पंचाईत: सी मध्ये शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान समजली जाते, म्हणून ००२५ चा अर्थ पंचवीस नसून एकवीस होतो.

संख्या कशी लिहिली आहे हा प्रश्न गंभीर गणिताचा नाही, असे हार्डींना म्हणता आले. यंत्रावर हिशेब करणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून सुटलेले आरियान-५ हे अग्निबाण-यान साधारण चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याचा आज्ञासंच एडा या भाषेतला होता, पण चूक आपल्या ओळखीची आहे: ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घालण्यात आली आणि ती मावली नाही. आधीच्या आरियान-४ च्या संथ उड्डाणात ती मावत असे. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाल्यावर, १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजणाऱ्या यंत्रांचे माप भरेल. पुढच्या सेकंदाला ती १९०१ सालात जातील. नवी यंत्रे ६४ बिटांवर गेली आहेत. जुनी कुठे कुठे भिंतींत बसवलेली आहेत, ती शोधून बदलावी लागतील.

कापरेकरांना या कशाची चिंता नव्हती. ते हर्षाने आकडेमोड करत. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन पुरेना म्हणून त्यांनी खासगी शिकवण्या केल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांचे नाव जगभर पोचले. ते लेखन कोड्यांच्या सदरातच आले होते. हार्डींनी नेमून दिलेल्या जागीच. १९८६ मध्ये मास्तर गेले. त्यांची खोड आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवावी लागते: संख्येकडे पाहताना ती कोणत्या पायात लिहिली आहे, तिचे तुकडे कुठे पडतात, पुढचे शून्य धरायचे की सोडायचे, हे विचारण्याची.

लेणे क्रमांक १० च्या लेखात आणखी एक नोंद आहे. हे सर्व निगमसभेत ऐकवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले, असे तिथे सांगितले आहे. रक्कम शब्दांत, रक्कम अंकांत, नाणे कोणते, दर किती, कुणाकडे ठेवले, कुणाला किती पोचायचे, आणि शेवटी चारचौघांत वाचून दाखवणे. कोरणाऱ्याला आपल्या आकड्यांवर विश्वास नव्हता म्हणून हे केले असे नाही. आकडा एकटा सोडला की त्याचा अर्थ दुसरा कोणी ठरवतो, हे त्याला माहीत असावे. विणकरांच्या त्या श्रेणी केव्हाच गेल्या, अक्षयनीवीचे मुद्दलही गेले. पण पाऊण पडिकाने नव्वद होतात, हे अजून पडताळून पाहता येते. भिंतीवर त्यासाठी लागणारे सगळे लिहिलेले आहे.